एल४-एल५ बल्ज, सिटिंग चालू आहेत, पण 'दिवसभर पोट आत ओढून ठेवा' म्हणजे नक्की काय करायचं?

मानपाडावाली

नमस्कार मंडळी. वय ३९, घर घोडबंदर रोडला, ऑफिस महापेला. गणपतीच्या आधी साफसफाई करताना माळ्यावरून पितळी भांड्यांचं पोतं खाली घेतलं आणि कंबरेत अशी उसण भरली की तिथेच खाली बसले. चार दिवसांत जाईल म्हटलं, कमी झाली पण गेली नाही. आता दिवाळीचा फराळ पण संपला तरी सकाळी उठताना कंबर धरलेलीच असते, आणि ऑफिसमध्ये बसून बसून डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागे ओढल्यासारखं होतं. चाललं की बरं वाटतं, बसलं की परत सुरू.

ऑर्थोपेडिकने एमआरआय करायला लावला. रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीला, डिफ्यूज डिस्क बल्ज (फुगवटा), डिस्क डेसिकेशन, थीकल सॅकवर (नसांच्या पिशवीवर) दाब असं काय काय आलंय, ते वाचूनच माझी अर्धी कंबर गेली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनचा विषयच नाही, फिजिओ करा.

तर घराजवळ एका क्लिनिकात सिटिंगचं पॅकेज घेतलंय. पालथं झोपवून आयएफटी (करंटचं मशीन) लावतात, मग अल्ट्रासाउंड, मग ट्रॅक्शन (कंबर ताणायचं मशीन), मग शेक, मस्त डुलकी लागते आणि लिफ्टने खाली येईपर्यंत बरं पण वाटतं. शेवटच्या दोन मिनिटांत तिथली मुलगी ब्रिजिंग करून घेते आणि दर वेळी सांगते, ताई तुमचा स्पाइन अनस्टेबल आहे, कोअर (पोट-पाठीचे आतले स्नायू) ऑन पाहिजे, दिवसभर पोट आत ओढून ठेवा. आता मी मीटिंगमध्ये पोट आत, रिक्षात पोट आत, पोळ्या लाटताना पोट आत, आणि मधेच लक्षात येतं की श्वासच धरून ठेवलाय. हे खरंच असं करायचं असतं का? सासूबाई म्हणतात कंबरेचा पट्टा घे आणि वजन म्हणून उचलू नकोस, नवरा म्हणतो जिम लाव, आई म्हणते पायाळू माणूस शोध. मी कोणाचं ऐकू?

उपवन_मॉर्निंग_वॉक

आईचं ऐका 😄 माझी बायको पायाळू आहे, आमच्या नौपाड्याच्या जुन्या चाळीत कोणाला उसण भरली की हिलाच बोलावणं यायचं, कंबरेला हळूच लाथ लावायची आणि समोरचा हसत उठायचा. आता उसण तशीही दोन-चार दिवसांत जातेच, क्रेडिट मात्र हिला. पट्टा मीही वापरलाय, प्रवासात आधार वाटतो. पण खरा फरक मला चालण्याने पडला, सकाळी उपवनला तलावाला चकरा, बाकी काही नाही. वय ७१ आहे, कंबर अधूनमधून आठवण करून देते पण चालू आहे.

नेरुळची_फिजिओ

ताई, मी फिजिओ आहे, नेरुळला प्रॅक्टिस करते. तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे हे सगळं जनरल समजा. आधी मला हे सांगा, लघवी अडकते किंवा कळतच नाही असं होतं का, बसायच्या जागेवर, म्हणजे सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे, बधिर वाटतं का, पाऊल चालताना फरफटतं किंवा टाचांवर चालता येत नाही असं आहे का? ताप, आपोआप वजन उतरणं, रात्री कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, आधी कॅन्सर झालेला, यातलं काही? पहिल्या तीनपैकी एक जरी असेल तर हा धागा बंद करा आणि आजच इमर्जन्सीला जा, उद्या नाही. यातलं काहीच नसेल तर पुढचं वाचा.

रिपोर्टची भीती आधी काढते. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,००० हून जास्त लोकांच्या स्कॅनचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांना डिस्क बल्ज होता, चाळिशीतल्या ५० टक्के आणि ऐंशीच्या आसपास ८४ टक्के. दुखणं शून्य. म्हणजे तुमच्या ऑफिसमध्ये तुमच्या वयाच्या निम्म्या लोकांना आत्ता मशीनमध्ये घातलं तर बल्ज निघेल आणि ते आरामात डबा खात असतील. डेसिकेशन म्हणजे डिस्कमधलं पाणी कमी होणं, केस पांढरे होतात तेवढंच ते वयाप्रमाणे. आणि बल्ज म्हणजे अनस्टेबल नव्हे! खरी इन्स्टॅबिलिटी म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून सरकणं, ती वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेमध्ये बघतात. तुमच्या रिपोर्टमध्ये लिस्थेसिस (म्हणजे हेच सरकणं) हा शब्द नसेल तर 'स्पाइन अनस्टेबल आहे' हे वाक्य त्या मुलीने इतक्या सहज बोलायला नको होतं, पेशंट त्या एका वाक्यावर वर्षानुवर्षं घाबरून वागतात, मी रोज बघते.

आता पोट आत ओढण्याचं. हे कुठून आलं ते सांगते म्हणजे कळेल. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीतल्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी बघितलं की निरोगी माणूस नुसता हात झटकन वर करतो तेव्हा सुद्धा पोटाचा सगळ्यात आतला स्नायू, ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस, हात हलायच्या आधीच आवळला जातो, कंबरदुखीच्या लोकांत मात्र तो उशिरा आवळतो. त्याच सुमाराला असंही दिसलं की मणक्याला लागून असलेला मल्टिफिडस स्नायू पहिल्या उसणीनंतर बारीक होतो आणि दुखणं गेलं तरी आपोआप भरून येत नाही. मग जगभर फिजिओंनी शिकवायला सुरुवात केली, बेंबी आत ओढा. मुद्दा टायमिंगचा होता, ताकदीचा नाही, आणि दिवसभर आवळून धरण्याचा तर अजिबातच नाही. मूठ घट्ट आवळून पोळ्या लाटून बघा, तसं होतं ते. स्नायू आखडतो, श्वास अडकतो, मणक्यावरचा दाब उलट वाढतो. उभं राहायला, चालायला या स्नायूंची अगदी थोडी ताकद लागते आणि ती शरीर आपली आपण लावतं. तेव्हा पोट सोडा, श्वास घ्या. वजन उचलायच्या क्षणी, खोकताना, शिंकताना पोट थोडं घट्ट करा, कोणी गंमतीत पोटात बोट खुपसणार असेल तर आपण करतो तसं. बस.

व्यायाम उद्या लिहिते, आत्ता पेशंट आलेत.

रबाळे_नाइटशिफ्ट

फिजिओ मॅडमशी सहमत पण एक पाऊल पुढे जाऊन सांगतो, कोअर बिअर सगळं ओव्हरहाइप्ड आहे. मीही डिस्कवाला आहे म्हणून खूप वाचलंय. २०१६ चा कोक्रेन (जगभरच्या ट्रायल्स एकत्र तपासणारी संस्था) रिव्ह्यू आहे, क्रॉनिक कंबरदुखीत हे मोटर कंट्रोल वाले, म्हणजे कोअरचे व्यायाम बाकी व्यायामांपेक्षा काही विशेष सरस ठरत नाहीत. २०२१ ला परत कोक्रेननेच २४९ ट्रायल्स एकत्र केल्या, निष्कर्ष असा की व्यायाम केला तर काहीच न करण्यापेक्षा दुखणं कमी होतं. म्हणजे काहीतरी करा एवढंच. आणि मशीनचं म्हणाल तर डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ ला क्रॉनिक कंबरदुखीवर गाइडलाइन काढली त्यात ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स (करंटचंच दुसरं मशीन), पट्टा हे सगळं 'नको' च्या यादीत आहे, ब्रिटनच्या नाइस या सरकारी आरोग्य-गाइडलाइन संस्थेने तर २०१६ लाच आयएफटी सकट नको म्हटलं होतं. तरी आपल्याकडे पॅकेजमध्ये नव्वद टक्के वेळ मशीनच. कारण सोपं आहे, एक मशीन लावलं की तेवढ्या वेळात शेजारच्या पडद्याआडचे अजून तीन पेशंट होतात. व्यायाम शिकवायला माणूस समोर उभा राहावा लागतो.

नेरुळची_फिजिओ

@रबाळे_नाइटशिफ्ट शेवटचं वाक्य कडू आहे पण खोटं नाही 🙂 एवढंच म्हणेन की दुखणं एकदम जोरात असताना शेक किंवा टेन्सने पेशंट जरा सैल होतो आणि मग हलवता येतो, तेवढ्यापुरतं मी पण लावते. त्यावर अख्खं पॅकेज उभं करणं चूक.

कोक्रेनबद्दल मान्य. पण 'सरस नाही' याचा अर्थ 'उपयोग नाही' असा घेऊ नका, बाकी व्यायामांइतकाच उपयोग आहे असा त्याचा अर्थ. म्हणजे ज्याला जे आवडेल आणि जे तो सोडणार नाही ते द्यायला आम्हाला मोकळीक. समोर जो माणूस चप्पल घालायला वाकायलाही घाबरतो त्याला पहिल्याच दिवशी 'काहीतरी करा' सांगून चालत नाही, त्याला कंबर न हलवता हातपाय हलवून दाखवले की धीर येतो. स्टॅबिलिटीच्या व्यायामांचा मला हाच उपयोग वाटतो.

तर ताई, व्यायाम. कॅनडाच्या वॉटरलू युनिव्हर्सिटीतले स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन फेमस आहेत, मी ते माझ्या पद्धतीने शिकवते.

पहिला, उताणं झोपा, एक गुडघा दुमडलेला, एक पाय सरळ. दोन्ही हातांचे तळवे कंबरेखालच्या पोकळीत. ती पोकळी तशीच राहिली पाहिजे, कंबर जमिनीला दाबायची नाही. फक्त डोकं आणि खांदे इतके उचला की उशी कोणी काढून घेतली तरी तुम्ही तिथेच. हनुवटी छातीला टेकवायची नाही. दुसरा, कुशीवर, कोपर आणि गुडघे टेकून कंबर वर, म्हणजे अर्धा साइड प्लँक. पूर्ण प्लँकचा हट्ट आत्ता नको.

तिसऱ्यात सगळी गंमत आहे. बर्ड डॉग म्हणतात. सतरंजीवर दोन हात दोन गुडघे टेका, चादर घातलेल्या पलंगावर नको, तिथे हात रुततात. आता घरातलं लाटणं घ्या आणि कोणाला तरी ते कंबरेवर आडवं ठेवायला सांगा, बरोबर जिथे चुडीदारची नाडी येते तिथे. उजवा हात पुढे, डावा पाय मागे. बहुतेक जण पाय पार छतापर्यंत नेतात, कंबर खचते आणि लाटणं गडगडत जातं. पाय कुल्ल्याच्या उंचीपेक्षा वर न्यायचाच नाही, टाच मागच्या भिंतीला ढकलल्यासारखी करायची. आठ-दहा सेकंद धरा, श्वास चालू, मोठ्याने आकडे मोजा म्हणजे श्वास धरता येत नाही. मग हात-गुडघा जमिनीवरून पुसत आणा आणि परत. सुरुवातीला लाटणं दर वेळी पडेल, पडू दे. हात-पाय दोन्ही जमत नसेल तर नुसता पाय मागे घसरवा. जास्त वेळ धरण्यापेक्षा छोटे होल्ड, आधी सहा, जरा थांबून चार, मग दोन, असं उतरत्या क्रमाने करा, थकल्यावर फॉर्म बिघडतो आणि मग नको ते स्नायू काम करतात.

तुम्ही लिहिलंय बसलं की वाढतं, चाललं की कमी होतं. अशा लोकांना बऱ्याचदा मागे झुकण्याचे व्यायाम मानवतात. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओचा एक पेशंट चुकून डोक्याकडून वर उचललेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला, मॅकेन्झी येऊन बघतात तर घाबरले, पण पेशंट म्हणाला पायातलं दुखणं गेलं. त्यातून अख्खी पद्धत उभी राहिली. तुम्ही आधी नुसतं पालथं पडा, मग कोपरांवर या, जमलं तर हातांवर, कंबर ढिली सोडून. भुजंगासनासारखं दिसतं पण पाठीने उचलायचं नाही, हातांनी ढकलायचं. आणि लक्ष कंबरेकडे नको, पायाकडे ठेवा. मांडीतलं ओढणं वर सरकून कंबरेत गोळा झालं तर, कंबर थोडी जास्त दुखली तरी, ही चांगली खूण. दुखणं पोटरीकडे खाली उतरायला लागलं तर थांबा, हा व्यायाम तुमचा नाही.

मानपाडावाली

मॅडम किती किती थँक्यू! टाचांवर चालून बघितलं, जमतंय, बाकी तुम्ही लिहिलेलं देवाच्या कृपेने काही नाही. लाटणं प्रकरण केलं, मुलाला लाटणं ठेवायला दिलं तर तो प्रत्येक वेळी 'आऊट' ओरडतोय 😅 पालथं पडून कोपरांवर आले तर मांडीतलं ओढणं खरंच कुल्ल्यापर्यंत वर आलं, हे मला वाटलं नव्हतं.

दोन शंका. सकाळी उठल्यावर सगळ्यात वाईट का असतं? आणि ओट्याशी उभं राहून, केर काढताना, पाणी गेलं की बादल्या उचलताना काय करू, कामवाल्या मावशी दिवाळीपासून गावीच आहेत, वजन उचलू नकोस म्हणणाऱ्यांना केर दिसत नाही.

नेरुळची_फिजिओ

रात्रभर आडवं असल्याने डिस्क पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी कंबर ताठ लागते आणि वाकलं की डिस्कवर ताण जास्त. उठल्यावर पहिले एक-दोन तास पूर्ण वाकणं टाळायचं, एवढ्या एका गोष्टीनेही दुखणं कमी होतं असं १९९८ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा केर-लादी सकाळी सहाला नको, चहा, अंघोळ, डबे आधी, केर नंतर. बेडवरून उठताना सरळ उठून बसू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून उठा.

ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा, थोड्या वेळाने पाय बदला. बादली दोन हातांत दोन अर्ध्या-अर्ध्या घ्या, एका हातात एक भरलेली नको. उचलताना जवळ घेऊन उचला, लांबून हात ताणून नको. पण उचलायचंच नाही असं नका करू! काही आठवड्यांत आपल्याला तिथेच पोचायचंय. मी माझ्या पेशंटना शेवटी पाच किलोची आटा बॅग, मग दहाची उचलायला लावते, कुल्ल्यातून वाकून, पाठ सरळ. ते पितळी भांड्यांचं पोतं पुढच्या गणपतीला तुम्ही परत माळ्यावरून काढलं पाहिजे. पट्टा लांबच्या प्रवासाला लावायचा तर लावा, घरात नको.

आणि तुम्हाला समोर उभं राहून शिकवणारा माणूस हवाय. त्याच क्लिनिकात स्पष्ट सांगा, मशीन नको, व्यायाम शिकवा आणि दर वेळी पुढचा टप्पा द्या. नाही म्हणाले तर बदला. बीपीटी डिग्री आणि महाराष्ट्र ओटीपीटी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारायला लाजू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, दोन्हीकडे फिजिओथेरपी कॉलेज आहे, कॉलेजच्या ओपीडीत साधारण कमी पैशात होतं, फक्त वेळ काढून जा.

रबाळे_नाइटशिफ्ट

चालण्यावर एक अॅड करतो, उपवनवाल्या काकांना आवडेल. २०२४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलला ऑस्ट्रेलियाची एक ट्रायल आली, ७०१ लोक, सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. अर्ध्यांना फिजिओने हळूहळू वाढवत नेत चालायला लावलं, टार्गेट आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास, बाकीच्यांना काहीच नाही. चालणाऱ्यांना परत दुखणं यायला मध्यक (मीडियन) २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांना ११२. फुकट उपाय आहे. मानपाडा साइडला सर्व्हिस रोडवर कुठे चालणार हा प्रश्न वेगळा, मेट्रोचं काम आणि खड्डे, पण सोसायटीत चकरा मारता येतात. आणि टू व्हीलरवर जात असाल तर घोडबंदरचे खड्डे तुमच्या डिस्कसाठी कुठल्याच कोक्रेनमध्ये बसत नाहीत.

उपवन_मॉर्निंग_वॉक

बघा! आमच्या हिला वाचून दाखवलं. ती म्हणते लाथेवर ट्रायल कधी करणार विचारा.

कोपरखैरणे_सेक्टर१५

वाचनखूण साठवतोय.

तुर्भ्याचा_पोरगा

मॅडम, विषय निघालाय म्हणून विचारतो. वडील एपीएमसीला माथाडी होते, आयुष्यभर पन्नास किलोच्या गोण्या पाठीवर, कंबरेला पंचा कचकचून बांधून. तेव्हा कधी कंबर दुखली म्हणून घरी बसल्याचं आठवत नाही, आता रिटायर झाल्यावर सुरू झालंय. चालायला गेले की मार्केटच्या गेटपर्यंत जाईतो दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, मग कठड्यावर बसून पुढे वाकले की पाच मिनिटांत मोकळे. भाजीची ढकलगाडी ढकलत मात्र कितीही लांब जातात, हे काय गौडबंगाल आहे कळत नाही. वरचं वाचून मी काल त्यांना पालथं झोपवून कोपरांवर आणलं तर पाय जास्त भरून आले म्हणाले. चालू ठेवू का?

नेरुळची_फिजिओ

दादा, नको, लगेच बंद करा. त्यांचं ताईंच्या उलट आहे. चालल्यावर पाय भरणं, पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर मोकळं होणं, गाडी ढकलताना म्हणजे पुढे झुकलेलं असताना त्रास न होणं, हे मणक्यातली नसांची वाट (कॅनल) अरुंद झाल्याचं, स्टेनोसिसचं लक्षण वाटतंय, मागे झुकलं की ती जागा अजून आवळते. पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असला तरी चालताना पोटऱ्या भरतात, पण तो बहुतेक वेळा नुसतं उभं राहिलं तरी थांबतो, बसावं लागत नाही. तंबाखू, शुगर असेल तर ते पण बघावं लागेल. एकदा ऑर्थोपेडिकला दाखवा आणि जाताना पायाच्या नाड्या तपासायला आठवणीने सांगा.

तोपर्यंत उताणं झोपून गुडघे छातीशी आणणं आणि एका जागची सायकल, सायकलवर हँडलकडे झुकून बसलेले असतात त्यामुळे सहसा झेपतं. चालताना पाय भरायला लागायच्या जरा आधीच बसायचं, मग परत चालायचं. आणि पंचा बांधू देत, त्यांना सवय आहे, त्याने काही बिघडत नाही. तुम्ही वेगळा धागा काढा त्यांच्यासाठी, वय, शुगर, तंबाखू आणि सलग किती चालू शकतात ते लिहा, इथे ताईंचे व्यायाम बघून अजून कोणीतरी करून बसेल.